प्रकल्प नोंदी: गुऱ्हाळातून आणलेली १९७९ ची बुलेट

५ जानेवारी २०२५, रविवार

गाडी घरी आली. गडहिंग्लजच्या अलीकडे एका गावात गुऱ्हाळाच्या छपराखाली ती चौदा वर्षं उभी होती. छोट्या हत्तीत घालून कोल्हापूरला आणली, उतरवायला गल्लीतली चार पोरं लागली. मालकांनी पंचावन्न हजार घेतले आणि वर गुळाची एक ढेप दिली. ढेप सौ.ने ताब्यात घेतली. गाडीकडे तिने एकदाच पाहिलं आणि म्हणाली, "पडवीत ठेवा, पण तुळशीकडं जायला वाट ठेवा."

मॉडेल १९७९, ३४६ सीसी, बोअर ७० मिमी, स्ट्रोक ९० मिमी. गिअर उजव्या पायात, ब्रेक डाव्या. नंबर जुना, तीन अक्षरी. इंजिन आणि चासी नंबर आर.सी. बुकाशी जुळतात, आणि ते जुळले म्हणूनच घेतली. नाहीतर या जन्मी आर.टी.ओ.च्या खिडकीपासून सुटका नव्हती. लोक हिला विंटेज म्हणतील, पण २०२१ च्या नियमाप्रमाणे पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं उलटल्याशिवाय सरकार विंटेज म्हणत नाही. म्हणजे अजून चार वर्षं ही नुसती जुनी गाडी.

गुऱ्हाळाची काजळी, वाफ आणि धूळ यांचा एक काळा चिकट थर सगळीकडे आहे. इंजिनवर गरम पाणी ओतलं आणि पडवीभर काकवीचा वास सुटला. संध्याकाळी पुढच्या चाकापासून हेडलाइटपर्यंत मुंग्यांची रांग. एअर फिल्टरच्या डब्यात उंदरांनी उसाच्या पाचटाचं घरटं केलेलं, वाटीसारखं गोल.

किक हलत नाही. पिस्टन जाम आहे.

११ जानेवारी

खोलायला घेतली. प्रत्येक भाग काढण्याआधी मोबाइलवर फोटो, मग पिशवी, पिशवीवर चिठ्ठी. रसायनशास्त्राच्या मास्तराला लेबल लावायला शिकवावं लागत नाही. पाने मात्र दोन जातींचे लागतात, काही नट इंची, काही मिलिमीटर. १९५५ साली मद्रासमध्ये एन्फिल्ड इंडिया उभी राहिली ती रेडिचच्या इंग्रजी गाडीवर, आणि ते इंग्रजी आटे पुढे कितीतरी वर्षं गाडीतून गेले नाहीत. उद्यमनगरातल्या जुन्या बाजारातून इंची पान्यांचा संच आणला. नवीन गोटी पान्याने एका नटाचे कोपरे गोल करून झाल्यावर आणला, हेही लिहून ठेवतो.

प्लगच्या भोकातून डिझेल ओतून ठेवलंय. रोज सकाळी कॉलेजला जाताना थोडं.

१९ जानेवारी, रविवार

आठव्या दिवशी पिस्टन सुटला. हेड, म्हणजे सिलिंडरचं वरचं झाकण, काढून पिस्टनच्या डोक्यावर लाकडाचा ठोकळा ठेवला, हातोडीचे हलके चार ठोके दिले आणि 'कट्' असा आवाज आला. इतका आनंद बारावीचा निकाल लागल्यावरही झाला नव्हता.

सिलिंडर पिशवीत घालून उद्यमनगर. पाण्याच्या पंपांची ऑइल इंजिनं घडवलेलं हे गाव, त्यामुळे बोअरिंगवाला शोधावा लागत नाही, निवडावा लागतो. मी गेलो ते मिस्त्री सत्तरीच्या पुढचे, सगळे त्यांना मामा म्हणतात. त्यांनी आधी पिस्टनच्या डोक्यावरची काजळी अंगठ्याने पुसली. खाली '०.५०' असा शिक्का होता. म्हणजे सिलिंडर आतून कातून अर्धा मिमी मोठा करायचं काम, एक बोअर, आधीच झालेलं. मग डायल गेज आत सोडला आणि वर, मध्ये, खाली, आडवा, उभा फिरवत आकडे तोंडाने म्हणत गेले. वरच्या रिंगच्या वाटेवर ७०.६८. गंजाचे खड्डे आहेत, पण उथळ.

"पाऊण एमएमवर निघंल सगळं," मामा म्हणाले. "त्याच्या फुडं येक एमएम, आणि त्याच्या फुडं स्लीव्ह, आत नवी नळीच."

पिस्टन आणि सिलिंडरमध्ये फट किती ठेवणार, ते मी मामांना विचारलं. चार थाऊ, म्हणजे साधारण ०.१ मिमी. मी म्हटलं, जरा जास्त नाही का? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुढचं बोललो नाही. बीडाचा सिलिंडर, वाऱ्यावर थंड होणारा, आत ॲल्युमिनियमचा पिस्टन. ॲल्युमिनियम बीडाच्या जवळपास दुप्पट फुगतं. फट कमी ठेवली तर पहिल्याच घाटात पिस्टन धरतो. हे मी वर्गात फळ्यावर सांगतो, मामा हाताने सांगतात.

निघताना म्हणाले, "सर, खोलताना काय बी चुकत न्हाई. चुकतंय ते बसवताना." मी मान डोलावली. आता मागे वळून वाचताना या वाक्याखाली लाल रेघ मारली आहे.

२ फेब्रुवारी, रविवार

आजचा दिवस टाकीचा. आतून तपकिरी, हलवली की खपल्या खुळखुळतात. ॲसिडपेक्षा विजेवर माझा विश्वास जास्त. टाकी धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने काठोकाठ भरली. झाकणाच्या तोंडातून लोखंडी सळई आत सोडली, ती टाकीच्या पत्र्याला कुठेही टेकू नये म्हणून लाकडी चकतीतून. बॅटरी चार्जरचं धन टोक सळईला, ऋण टाकीला. उलटं केलं तर गंजाऐवजी टाकी जाते. सळई स्टेनलेसची घेऊ नये, तिच्यातलं क्रोमियम पाण्यात उतरतं आणि ते विषारी. बुडबुडे येतात तो हायड्रोजन, म्हणून हे सगळं अंगणात, आणि शेजारच्या काकांना विडी घेऊन कुंपणापाशी न येण्याची विनंती.

दोन रात्री चाललं. सळई दर चार तासांनी काढून घासावी लागते, तिच्यावर चिखल चढतो. आज सकाळी पाणी ओतलं तर चहासारखं. टॉर्च मारून आत पाहिलं, राखाडी स्वच्छ पत्रा. लगेच धुऊन, केस वाळवायच्या यंत्राने सुकवून आत थोडं टू-टी ऑइल फिरवलं, नाहीतर संध्याकाळपर्यंत पुन्हा गंज.

टाकीच्या झाकणाची कॉर्कची वॉशर हातात येताच तिचा भुगा झाला. नवीन मिळाली नाही. सायकलच्या ट्यूबमधून झाकणाच्या मापाची सुंदर गोल चकती कापून बसवली. झाकण आता डब्यासारखं घट्ट बसतं.

१६ फेब्रुवारी, रविवार

चासी पावडर कोटिंग होऊन आली, काळी कुळकुळीत. आणताना तिथल्या मुलाने विचारलं होतं, "बोल्टच्या जागा झाकून करायच्या काय?" मी म्हटलं सगळं करा, गंज कुठूनच नको.

मडगार्ड आणि टाकीला पेंटरकडून काळा रंग. राहिल्या सोनेरी रेषा. चेन्नईच्या कारखान्यात या रेषा आजही हाताने मारतात, तेव्हा स्टिकर लावायला मन धजेना. आमच्याकडे ट्रकच्या मागे आणि दुकानांच्या पाट्यांवर अक्षरं काढणारे एक पेंटर अजून आहेत. ते टाकी बघायला आले, तशी त्यांनी ती पायांत धरली आणि मांडीवर आडवी घेतली. ब्रश लांब केसांचा, बोटभर. रंगात बुडवून पुठ्ठ्यावर दोनदा ओढला, जास्तीचा रंग गाळला. मग करंगळी टाकीच्या कडेला टेकवली आणि हात न हलवता कमरेतून अख्खं अंगच मागे सरकवत नेलं. एक रेषा, एका श्वासात. वळणावर ब्रश बोटांत गोल फिरला आणि रेषेची जाडी तेवढीच राहिली. मी मोबाइल काढला तर म्हणाले, "थांबा, ह्याच्यात बोलायचं न्हाई."

दोन्ही बाजूंचे आठशे रुपये. उजवीकडची रेष डावीकडच्यापेक्षा केसभर खाली आहे. मला ती आवडते.

२ मार्च, रविवार

बसवणी. पिस्टन पिनसाठी पिस्टन उकळत्या पाण्यात ठेवला, पिन बोटाने सरकली. पातेलं मोदकाचं होतं. नवीन आणून देणार आहे.

रिंगांची टोकं सिलिंडरमध्ये बसवून फट मोजली, ०.३. हेड बसलं. टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या दांड्याची फट, थंड इंजिनवर, पिस्टन कॉम्प्रेशनला वर असताना: पुशरॉड दोन बोटांत फिरला पाहिजे, वर-खाली हलता कामा नये.

टायमिंग कव्हरचं पॅकिंग कागदी. बुलेट तेल गाळते म्हणून जग हसतं, मी ठरवलं होतं की माझी गाळणार नाही. म्हणून पॅकिंगच्या दोन्ही बाजूंना सिलिकॉन, चपातीला तूप लावावं तसं सढळ हाताने. कव्हर आवळल्यावर कडेने एकसारखी राखाडी कड बाहेर आली. ती कापून साफ केली. आतल्या बाजूलाही तेवढीच कड आली असेल हा विचार त्या दिवशी डोक्याला शिवला नाही.

२३ मार्च, रविवार

वायरिंग झालं. ठिणगीचं टायमिंग लावलं. पॉइंट म्हणजे उघडला की ठिणगी पाडणारा छोटा स्विच. त्याची फट ०.३५ ते ०.४० मिमी, आणि पिस्टन वर येण्याआधी ०.८ मिमीवर पॉइंट उघडला पाहिजे. प्लगच्या भोकातून सायकलची तार घालून पिस्टनची उंची पाहिली. भोक तिरकं असल्याने हे माप अंदाजाचंच, पण वाईट नाही. पॉइंट नेमका कधी उघडतो ते बघायला लोक त्यात सिगारेटचा पातळ कागद धरतात. घरात सिगारेट नाही, पोराच्या फाटक्या पतंगाचा कागद चालला. डिस्ट्रिब्युटर कणाकणाने फिरवायचा, कागद हलकेच ओढत राहायचा. सुटला की तिथेच आवळायचं.

मग चावी. ठिणगी नाही. प्लग बदलला, कॉइलची वायर बदलली, ठिणगी नाही. तासाभराने लक्षात आलं की विजेचा प्रवाह दाखवणाऱ्या ॲमीटरचा काटाच हलत नाही. पॉइंट मिटलेला असताना चावी दिली की काटा उणेकडे जरा झुकायला हवा. तो मेल्यासारखा मध्ये. भौतिकशास्त्राचे सहकारी मल्टिमीटर घेऊन आले. बॅटरीचं अर्थिंग चासीला, कॉइलची पट्टी चासीला, इंजिनचे बोल्ट चासीला, आणि चासीवर सगळीकडे, बोल्टच्या भोकांतसुद्धा, उत्कृष्ट दर्जाचं विद्युतरोधक आवरण. मीच करवून घेतलेलं.

काचकागदाने सहा जागा धातूपर्यंत घासल्या. कोटिंगचे साडेतीन हजार दिले होते, ते खरवडताना हात जड झाला. काटा झुकला. ठिणगी निळी.

३० मार्च, रविवार, गुढीपाडवा

आजच सुरू करायची असा हट्ट. गुढी उभारली, मग पडवीत. प्लग काढून पन्नास किक मारल्या, तेल वर चढावं म्हणून. हेडवर रॉकरला, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणाऱ्या तरफेला, तेल नेणारी बारीक नळी आहे, तिचा बोल्ट सैल करून ठेवला होता. तेल आलं नाही. कोरडं इंजिन आहे, चालू झालं की येईल, असं मीच मला सांगितलं. सणाच्या दिवशी माणूस स्वतःचं फार ऐकतो.

सिलिंडरमधला दाब सोडणारा डिकॉम्प्रेसर ओढला, पिस्टन टोकाच्या जरा पुढे नेला, सोडला, पूर्ण किक. तिसऱ्या किकला गाडी बोलली. गल्ली गोळा झाली, सौ. पदराला हात पुसत बाहेर आली, पोराने व्हिडिओ काढला. व्हिडिओत मी नव्वद सेकंद हसतोय आणि मग एकदम खाली वाकून चावी बंद करतोय. बोल्टमधून तेलाचा एक थेंब नाही.

श्रीखंड खाल्लं. चव आठवत नाही.

६ एप्रिल, रविवार

टायमिंग कव्हर पुन्हा खोललं. तेलाच्या वाटेत सिलिकॉनचा तुकडा, शेवईएवढा लांब, राखाडी, भोकात अर्धा आत अर्धा बाहेर. दुसरा तुकडा फिल्टरकडे जायच्या वाटेवर. दोन्ही चिमट्याने काढून काचेच्या बाटलीत ठेवले आणि बाटली प्रयोगशाळेच्या कपाटात. लेबल: 'सढळ हात.'

सगळ्या वाटा रॉकेलने आणि हवेने साफ. कनेक्टिंग रॉड वर-खाली हलवून पाहिला, त्याचं खालचं बेअरिंग, बिग एंड, घट्ट आहे. रॉकर शाफ्टवर ओरखडे नाहीत. नव्वद सेकंदांत वाचलो. या वेळी नवीन कागदी पॅकिंग, दोन्हीकडे ग्रीसचा नुसता हात. ताजं तेल, २०डब्ल्यू ५०, सव्वादोन लिटर. प्लग काढून किक. अकराव्या किकला नळीच्या बोल्टमधून तेल ओघळलं.

२० एप्रिल, रविवार

गेल्या रविवारपासून रंकाळ्याभोवती फेऱ्या. पहिली छान. आवाज तोच, ज्याच्यासाठी हे सगळं. शालिनी पॅलेसच्या जवळ गाडी दोनदा अडखळली आणि बंद. घरापासून सहा किलोमीटर. किक मारून घामाघूम. टाकीचं झाकण उघडून पाहिलं, पेट्रोल आहे, तीनेक लिटर. दहा मिनिटं काठावर बसलो, झाकण लावलं, पहिल्या किकला चालू. पुन्हा पाच-सहा किलोमीटर, पुन्हा तेच. पेट्रोल बघितलं, थांबलो, चालू.

निदान: गरम झाल्यावर पॉइंटला जोडलेला कंडेन्सर जातो. थंड झाला की परत येतो. बुलेटचा जुना आजार, शंकाच नको. कंडेन्सर नवा टाकला.

२७ एप्रिल, रविवार

फरक नाही. मग कॉइल नवी. आज लांबची चाचणी करावी म्हणून टाकी फुल्ल केली आणि निघालो. दोन किलोमीटरही झाले नाहीत तोवर बंद.

नोंद: आजार वाढला आहे. कार्ब्युरेटर खोलावा लागणार.

४ मे, रविवार

कार्ब्युरेटर दोनदा खोलला, जेट, म्हणजे पेट्रोलची बारीक भोकं, आरपार स्वच्छ. शेवटी गाडी उद्यमनगरात मामांकडे नेली. वाटेत एकदा बंद पडली, झाकण उघडून पेट्रोल बघितलं, चालू झाली. मामांना सगळा इतिहास सांगितला: कंडेन्सर, कॉइल, जेट. ते स्टुलावर बसून चहा पीत ऐकत होते.

"बंद पडल्यावर तुमी काय करताय?"

"थांबतो. थंड होऊ देतो."

"त्याच्या आदी?"

"पेट्रोल आहे का बघतो."

मामांनी चहाचा कप खाली ठेवला, गाडी चालू करायला लावली आणि तशीच उभी चालत ठेवली. बऱ्याच वेळाने ती अडखळली. बंद पडायच्या बेताला त्यांनी दोन बोटांनी झाकण जरा सैल केलं. सुस्स. टाकीने हवा आत ओढून घेतली आणि इंजिन पुन्हा सरळ चालायला लागलं. त्यांनी झाकण उलटं करून माझ्यापुढे धरलं. मधोमध हवेचं बारीक भोक, आणि त्याच्यावर माझी सायकलच्या ट्यूबची अखंड, सुबक चकती.

"सर, हिला श्वास घिऊ द्या की."

मी अकरावीला बॉईलचा नियम शिकवतो. पेट्रोल खाली जातं तशी वरच्या हवेला जागा वाढते, दाब उतरतो, आणि एका टप्प्याला पेट्रोल खाली उतरायचं थांबतं. टाकीत तीन लिटर असेल तर वर हवा अकरा लिटरहून जास्त, दाब हळूहळू उतरतो, गाडी सहा किलोमीटर जाते. टाकी फुल्ल असेल तर वर हवा जेमतेम, दोन किलोमीटरच्या आतच खेळ खलास. म्हणजे सत्तावीस तारखेला आजार वाढला नव्हता, मी उत्तरच मोजून लिहिलं होतं. आणि औषध रोज हातात होतं, झाकण मीच तर उघडत होतो.

मामांनी खिळा तापवून चकतीला भोक पाडलं. पैसे घेतले नाहीत. "सांगणार न्हाई कुणाला," म्हणाले. शेजारच्या गॅरेजातली दोन पोरं तोवर हसायला लागली होती.

जुना कंडेन्सर आणि जुनी कॉइल पुन्हा बसवली. दोन्ही धडधाकट. नवे सुटे भाग म्हणून डिकीत.

११ मे, रविवार

पेट्रोलची रबरी नळी बोटांना चिकटते, टोकाशी फुगली आहे. जानेवारीत गावातल्या साध्या दुकानातून घेतलेली. पंपावर आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल, ते असलं रबर खातं. आमच्या जिल्ह्यातल्या उसाचंच इथेनॉल होतं, म्हणजे जिच्या अंगावर चौदा वर्षं उसाची काजळी बसली तिच्या पोटात आता उसाचं अल्कोहोल. इथेनॉल चालेल अशी नळी घातली, कार्ब्युरेटरच्या ओ-रिंगसुद्धा बदलल्या. गाडी पंधरा दिवस उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करायची, हे भिंतीवर खडूने लिहिलं. अल्कोहोल हवेतलं पाणी ओढतं आणि माझी टाकी आतून उघडी लोखंडी आहे.

मागचे ब्रेक लायनर चकाकले होते, घासून खरखरीत केले. साइड स्टँडची स्प्रिंग अजून ढिली.

१८ मे, रविवार

पन्हाळा. पहाटे साडेपाचला निघालो, शिवाजी पुलावर पंचगंगेवरून थंड हवा. केर्लीपर्यंत तिसऱ्या-चौथ्यात आरामात, नवीन बोअर म्हणून पन्नासच्या वर नेली नाही. वाघबीळच्या चढाला दुसऱ्यात उतरवली, उजव्या पायाने, आणि सवयीने डावा पायही हलला, तिथे ब्रेक. मागचा ट्रकवाला ओरडला ते बरोबरच होतं. ॲमीटरचा काटा मध्यावर, धूर नाही, पिस्टनने कुठे धरलं नाही. अर्ध्या चढावर एकदा मुद्दाम थांबून झाकण उघडलं. सुस्स आवाज नाही.

वर पोचल्यावर गाडी स्टँडवर लावून पिठलं-भाकरी. खाऊन परत आलो तर क्लचच्या बाजूच्या कव्हरखाली तेलाचा पैशाएवढा डाग. टायमिंग कव्हर कोरडं आहे. क्लचच्या कव्हरचं रबर बदलायचं, पुढच्या रविवारी. सिलिकॉन लावणार नाही.

उतरताना वळवाची सर आली. भिजलेली गाडी घरी आणून पडवीत लावली, इंजिन चांगलं तापलेलं. वास आला, काकवीचा. जानेवारीपासून मी हिला साबण, रॉकेल, डिझेल, सोडा या सगळ्यांनी धुतली आहे. टॉर्च घेऊन शोधलं. डिस्ट्रिब्युटरच्या मागे, इंजिनच्या खोबणीत एक काळा थर शिल्लक आहे. तिथे ब्रश पोचत नाही.

रात्री पाणी प्यायला उठलो तर पुढच्या चाकापाशी मुंग्यांची रांग.